घराची राखण आणि जुनी बंदूक

१८७८च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी हा देश निःशस्त्र केला. १९५९च्या कायद्यानेही शस्त्र परवान्याच्या कुलपातच ठेवले. भिवंडीतील एखादा यंत्रमागधारक घरच्या रक्षणासाठी जुनी कार्बाइन शोधू लागला, तर स्वयंचलित कार्बाइन प्रतिबंधित शस्त्रांत मोडते हे त्याने आधी जाणावे. उरते ती साधी परवान्याची बंदूक. घेताना नळीतला गंज पाहावा, कोरलेला क्रमांक कागदाशी ताडावा. विकणाऱ्याने ४५ दिवस आधी प्रशासनास वा पोलीस ठाण्यास कळवलेले असावे. ‘सुधारणा’ म्हणून परवान्याविना नळी आखूड करणे हा सरळ गुन्हा आहे. आणि दाटीच्या वस्तीत, पातळ भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची मुले निजलेली असताना, भक्कम कडीकोयंडा व जागता शेजार अधिक उपयोगी. बंदुकीचा दुकानदार मात्र हे सांगणार नाही.