‘साठी बुद्धी नाठी’ हे निदान नव्हे!

म्हणी हे पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाचे संचित होय, हे आम्हांला मान्य आहे. परंतु एखादी म्हण विचाराचीच जागा बळकावू लागली, म्हणजे तिला जाब विचारणे प्राप्त होते. ‘साठी बुद्धी नाठी’ ही अशीच एक म्हण. आजोबा बाजारातून परतताना नेहमीची वाट चुकले, साठी झाली! आजींना समोर ठेवलेला पेला सापडेना, साठी झाली! तिन्हीसांजेला अंगणात नसलेली मुले दिसू लागली, साठी झाली, नाहीतर बाहेरची बाधा! दुखणी तीन, आणि तिन्हींवर शिक्का मात्र एकच. हा शिक्का मारणारे घरचे लोक निर्दय असतात असे नाही. परंतु त्यांच्या अज्ञानाचे फळ भोगावे लागते ते त्या वृद्ध जिवाला.

ही म्हण आकड्यांनीही खोटी पडते. आपल्या देशात साठी ओलांडलेल्यांची जी विस्तृत पाहणी झाली आणि 2023 साली प्रसिद्ध झाली, तिच्यानुसार स्मृतिभ्रंशाचे, म्हणजेच डिमेन्शियाचे, प्रमाण शेकडा 7.4 आहे. अशा रुग्णांची संख्या सुमारे 88 लाख भरते. संख्या प्रचंड आहे खरी. पण तिचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा. साठी ओलांडलेल्या शंभरांपैकी ब्याण्णवांहून अधिकांना हा विकार नाही! मग ज्यांना तो आहे त्यांचा आजार वयाच्या माथी मारून मोकळे होण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

स्मृतिभ्रंश म्हणजे केवळ विसराळूपणा, हा दुसरा गैरसमज. मनुष्य डोळ्यांनी पाहतो हे अर्धेच सत्य आहे. डोळा प्रकाश टिपतो, पाहण्याचे काम मेंदू करतो. डोक्याच्या पाठीमागच्या भागात पोहोचलेली प्रतिमा तेथून दोन वाटांनी पुढे जाते. वरच्या वाटेने ‘वस्तू कोठे आहे’ हे उमगते, खालच्या वाटेने ‘वस्तू काय आहे’ हे उमगते. स्मृतिभ्रंशाचे निरनिराळे प्रकार या वाटांवर निरनिराळ्या ठिकाणी घाला घालतात. म्हणूनच रुग्ण काय विसरतो याच्या बरोबरीने तो कोठे अडखळतो, हेही पाहिले पाहिजे.

अल्झायमरच्या आजारात स्मरणाबरोबर दिशेचे भान लवकर सुटते. चाळीस वर्षांच्या पायाखालची वाट परकी होते, घराच्या खोल्यांची मांडणी मनातून पुसली जाते. याच विकृतीचे एक विलक्षण रूप मेंदूच्या मागील भागात सुरू होते. डॉ. फ्रँक बेन्सन यांनी 1988 साली त्याचे वर्णन केले. ते बहुधा पन्नाशी-साठीतच गाठते. स्मरण बऱ्यापैकी शाबूत, डोळे निर्दोष. पण ओळी एकमेकींत मिसळतात, पायरीची खोली कळत नाही, समोरच्या अनेक वस्तूंपैकी एका वेळी एकच दिसते. असा रुग्ण चष्म्यामागून चष्मे बदलत राहतो, आणि दोष चष्म्यात नसतोच! प्रसिद्ध इंग्रज लेखक टेरी प्रॅचेट यांनी 2007 साली आपला हाच आजार जगापुढे मांडला होता.

लुई बॉडी नावाच्या प्रकारात स्थलभान आरंभीच ढासळते आणि त्याच्या जोडीला स्पष्ट, हुबेहूब आभास दिसू लागतात : माणसे, मुले, जनावरे. येथे घरची मंडळी मांत्रिकाकडे धाव घेतात. त्याहून मोठा धोका असा की, वेडाचा झटका समजून हॅलोपेरिडॉलसारखे औषध दिले गेले, तर या रुग्णांची प्रकृती एकाएकी खालावते. प्रसंगी जिवावरही बेतते. निदानातील एक चूक येथे केवढी महाग पडते!

उलट, कपाळामागचा व कानशिलाजवळचा भाग झिजविणाऱ्या प्रकारात वाट बहुधा चुकत नाही. रुग्ण रोज त्याच रस्त्याने मैल दोन मैल हिंडून बिनचूक घरी परततो. बिघडतो तो स्वभाव, विवेक आणि भाषा. वाट सापडते म्हणून ‘यांना काहीच झालेले नाही, हा सारा हेकटपणा’, असे ठरविणेही तितकेच अन्यायाचे. आणि रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणाऱ्या स्मृतिभ्रंशात घाव ज्या जागी बसेल त्यावर सारे अवलंबून असते. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका बसला, तर रुग्ण ताटाची डावी बाजू तशीच सोडून उठतो. जेवण नको असते म्हणून नव्हे. ती बाजू त्याच्या जगातूनच नाहीशी झालेली असते.

ही पारख शक्य आहे काय? आहे. त्यासाठी विलायतेकडे डोळे लावण्याचे कारण नाही. 1956 पर्यंत बीदर, भालकी, औराद ज्या संस्थानी राजधानीकडे पाहत, त्या हैदराबादेतच याचा वस्तुपाठ आहे. तेथील निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस या संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लाडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांचा अभ्यास केला; 2013 साली तो प्रसिद्ध झाला. तेलुगू, दख्खनी उर्दू, हिंदी, इंग्रजी अशा भाषा ज्या नगरात एकाच गल्लीत नांदतात, तेथेच हे व्हावे यात नवल नाही. दोन भाषा बोलणाऱ्या रुग्णांत आजार एकभाषिकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे त्यात आढळले, आणि शाळेचे तोंडही न पाहिलेल्यांतही हा फरक दिसला. दोन भाषा येणे म्हणजे रोगापासून अभय, असा याचा अर्थ नव्हे. तथापि सीमाभागातील माणसाने त्यातून घ्यावे असे पुष्कळ आहे. भाषा लादणे निराळे आणि भाषा येणे निराळे. लादण्याशी आमचे भांडण आहे. शेजाऱ्याची भाषा येणे हे तर आमच्या घरचे जुने धन आहे.

पण याच ठिकाणी आमचे दुखणेही उघड होते. स्थलभानाची परीक्षा कशी घेतात? घड्याळाचे चित्र काढा, एकमेकांत गुंतलेले दोन पंचकोन उतरवून दाखवा! ज्या माउलीने जन्मात पेन्सिल धरली नाही, तिने या परीक्षेत नापास व्हावे यात आजार किती आणि निरक्षरता किती? तीच माउली वाटोळी भाकरी थापते, ठिपके मोजून रांगोळी काढते. तिचे स्थलभान कागदावर नाही, हातात आहे. हा दोष ओळखून भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने साक्षर व निरक्षर या दोहोंसाठी चाचण्यांचा संच तयार करविला; 2020 साली त्याचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्यासाठी निवडलेल्या भाषा पाच : हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम. त्या पाचांत मराठी नव्हती! कन्नड आहे याचा आम्हांला आनंदच आहे. परंतु ज्या वृद्धाची बुद्धी ढळू लागली आहे, त्याची परीक्षा मायबोलीखेरीज अन्य भाषेत घेणे म्हणजे लंगड्याला परक्या अंगणात धावावयास लावणे होय.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. सीमाभागातील प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस स्मृतिविकारांच्या तपासणीचा असावा, आणि मराठी रुग्णाची तपासणी मराठीत व्हावी. नेत्रशिबिरांत, डोळे निर्दोष असूनही ज्याला दिसत नाही, त्याला मेंदूच्या तज्ज्ञाकडे धाडण्याचा दंडक असावा. मोतीबिंदूची हयगय तर मुळीच नको. टाळता येण्याजोग्या कारणांपायी जगात स्मृतिभ्रंशाचा जवळजवळ 45 टक्के भार पडतो, असे ‘लॅन्सेट’च्या आयोगाने 2024 साली सांगितले. त्या 14 कारणांत उपचाराविना राहिलेला दृष्टिदोषही आहे, रक्तदाब आणि मधुमेहही आहेत.

सरकार जागे होईपर्यंत घराने स्वस्थ बसावे काय? मुळीच नाही. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा ओढा. दारातले काळे पायपुसणे उचला. रुग्णाला तो खड्डा वाटतो. पांढऱ्या ताटलीतला पांढरा भात त्याला दिसत नाही, तोच केळीच्या हिरव्या पानावर वाढा. तिन्हीसांजेला दिवे लवकर लावा. आरशातला माणूस परका वाटत असेल तर आरशावर पडदा सोडा. आणि वैद्याकडे जाताना वहीत टिपून न्या : वाट केव्हा चुकली, काय दिसले, कोणती बाजू सुटली. ती टिपणे निदानाचा अर्धा पाया आहेत.

ज्यांनी आपल्याला बोट धरून या गावाच्या वाटा दाखविल्या, त्यांची वाट आज हरवते आहे. त्यांना म्हण ऐकवू नका, त्यांचे बोट धरा!