शिकतोस कशासाठी?

महाविद्यालयाचे मूल्यांकन जवळ आले, की विद्यार्थ्यांच्या ईमेलवर 'नॅक'कडून एक प्रश्नावली येते. विद्यार्थी समाधान सर्वेक्षण असे तिचे नाव. नॅकने २०१७ साली मूल्यांकनाची पद्धत बदलली, त्या पद्धतीसोबत ही प्रश्नावली आली. एकूण एकवीस प्रश्न. पहिलाच प्रश्न वर्गात अभ्यासक्रम किती शिकवून झाला हे विचारतो. ८५ टक्क्यांच्या वर झाला असेल तर ४ गुण, ३० टक्केही झाला नसेल तर शून्य. मग शिक्षक तयारी करून येतात का, शिकवलेले समजते का, उदाहरणे देतात का, तुमचे कच्चे दुवे ओळखून मदत करतात का, नोकरीसाठी लागणारी कौशल्ये शिकवतात का, असे एकेक करत प्रश्न पुढे जातात. विद्यार्थी बोटाने टिचक्या मारत जातो आणि पाच मिनिटांत मोकळा होतो. काही ठिकाणी सर आधीच वर्गात येऊन प्रेमाने सांगून जातात, 'सगळीकडे चार टाका रे बाबांनो.'

प्रश्न चुकीचे नाहीत. शिकवले जाते का, हे विचारायलाच हवे, आणि विद्यार्थ्यालाच विचारायला हवे. वर्षानुवर्षे त्याला कोणी विचारतच नव्हते. पण हे एकवीसही प्रश्न महाविद्यालयाविषयीचे आहेत. समोर बसलेला पोरगा किंवा पोरगी हे सगळे शिकते आहे कशासाठी, त्याचा तिच्या आयुष्याशी काय संबंध आहे, असे विचारणारी ओळ त्यात नाही. आणि ती नसल्यामुळे बाकीच्या उत्तरांचा अर्थ लावणेही अवघड होऊन बसते.

हे जरा उलगडून सांगायला हवे. बी. ए.ला प्रवेश घेऊन पुण्यातल्या सदाशिव पेठेत अभ्यासिकेची खुर्ची भाड्याने घेतलेला एखादा मुलगा डोळ्यांपुढे आणा. त्याचे लक्ष राज्यसेवेवर. पदवी त्याला फक्त अर्ज भरण्यापुरती हवी. महाविद्यालयाचे तोंड तो परीक्षेच्या फॉर्मपुरते पाहतो. त्याला समाधानाची प्रश्नावली दिली तर तो चार गुण टाकून मोकळा होईल, कारण त्याची काही तक्रारच नाही. ज्याला काही हवेच नाही, त्याला समाधानी करणे फार सोपे असते. 'कॅप'च्या राउंडमध्ये पर्सेंटाइलने जिथे ढकलले तिथे जाऊन बसलेल्या, कॉम्प्युटर मिळाले नाही म्हणून मेकॅनिकलला आलेल्या मुलांतही असे समाधानी बरेच निघतात. चार वर्षे काढायची, हातात कागद घ्यायचा, पुढचे पुढे.

आता दुसरीकडे बी. फार्मसीला आलेली एखादी मुलगी घ्या. गावात औषधाचे दुकान नाही, आजीच्या गोळ्यांसाठी तालुक्याला जावे लागते, हे बघत ती वाढली आहे. प्रयोगशाळेतले यंत्र वर्षभर बंद असेल तर ती चिडणार. प्रात्यक्षिक न करता जर्नल उतरवून घ्यायला सांगितले तर तिला ते लागणार. ती दोन गुण देईल, कदाचित एकच. कागदावर ती असमाधानी विद्यार्थिनी. पण महाविद्यालयाला खरे काही कळवणारी तीच. वर्गातला पहिला मुलगा खुशीत आहे, दुसरी मुलगी वैतागली आहे, आणि सरासरी काढली तर आकडा मध्ये कुठेतरी येतो. त्या आकड्यावरून अहवाल लिहिला जातो.

मानसशास्त्राने या प्रश्नाकडे पुष्कळ लक्ष दिले आहे. अमेरिकेतल्या मायकेल स्टेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये आयुष्यातला अर्थ मोजण्यासाठी दहा वाक्यांची एक चाचणी मांडली. आज जगभरचे संशोधक ती वापरतात. त्यातली पाच वाक्ये तुमच्या आयुष्याला अर्थ आहे असे तुम्हाला वाटते का, हे तपासतात. उरलेली पाच तुम्ही अर्थ शोधत आहात का, हे तपासतात. सापडणे आणि शोधणे या दोन गोष्टी त्यांनी मुद्दाम वेगळ्या ठेवल्या. अर्थ सापडल्याची भावना असलेली माणसे साधारणपणे आयुष्याविषयीही समाधानी आढळतात. विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासांतूनही तिचे नाते अभ्यासातल्या समाधानाशी जुळताना दिसते. नुसता शोध चालू असेल आणि हाती काहीच लागत नसेल, तर मात्र माणूस अस्वस्थ असतो. अठरा ते बावीस हे वय मुळात शोधाचेच. त्यामुळे या वयातली अस्वस्थता म्हणजे आजार, असे धरून चालणाऱ्या पालकांनी जरा थांबावे. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी आली असेही नाही. एखाद्या चांगल्या शिक्षिकेमुळे विषय आवडू लागतो आणि त्यातून आयुष्याची दिशा सापडते. कधी दिशा आधी सापडते आणि कंटाळवाणा विषयही सुसह्य होतो. दोन्ही वाटा खऱ्या आहेत.

गेली काही वर्षे रमजान परीक्षांच्या दिवसांत येतो आहे. चांद्र वर्ष सौर वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे हा महिना ऋतूंमधून मागे मागे सरकत जातो. सध्या त्याचा मुक्काम हॉल तिकिटांच्या मोसमात आहे. पहाटे सहेरी आटोपून पुस्तक उघडणारी मुले मोहल्ल्यामोहल्ल्यांत दिसतात. त्यांच्या शेजारच्या गल्लीतली हिंदू, बौद्ध, जैन, ख्रिस्ती मुलेही त्याच वेळी उठून त्याच विषयाचा अभ्यास करत असतात. इतके दिवस उपाशी राहून पेपर कसा लिहितोस, हा प्रश्न रोजेदार विद्यार्थ्याला वर्गमित्र हमखास विचारतात. उत्तर नियत या शब्दात आहे. नियत म्हणजे मनात धरलेला हेतू. रोज्याला ती आवश्यक मानली जाते. दिवसभर न जेवणारा माणूस डॉक्टरच्या सांगण्यावरून उपाशी असू शकतो, वजन कमी करायला असू शकतो, कामाच्या धांदलीत जेवण राहून गेले म्हणूनही असू शकतो. भूक सगळ्यांची सारखीच. रोजा कोणता आणि नुसती उपासमार कोणती, हे नियत ठरवते. सहीह बुखारी या हदीस संग्रहाची सुरुवातच नियत या विषयावरच्या हदीसने होते, यावरून या गोष्टीला किती महत्त्व दिले गेले ते कळावे.

शिक्षणातल्या नियतीचा (नशिबाचा नव्हे, नियत या अर्थाने) प्रश्न किती जुना आहे, याचा दाखला इमाम गझाली यांच्या चरित्रात मिळतो. इराणमधल्या तूस गावी १०५८ साली जन्मलेला हा विद्वान १०९१ मध्ये बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापक झाला. सेल्जुक साम्राज्याचा वजीर निजाम-उल-मुल्क याने त्यांना तिथे नेमले. त्या काळात याहून मोठे पद शोधून सापडले नसते. तीनशे विद्यार्थी समोर, दरबारात मान. आजची प्रश्नावली त्या विद्यार्थ्यांना दिली असती तर गझालींना पैकीच्या पैकी गुण पडले असते. पण १०९५ मध्ये त्यांचा आवाज बंद झाला. शिकवायला उभे राहत आणि शब्द फुटत नसे. घास गिळवेना. हकिमांनी हात टेकले. दुखणे मनाचे आहे, असे त्यांनी सांगितले. गझालींनी स्वतःच पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे, की आपण कशासाठी शिकवतो हे त्यांनी तपासून पाहिले तेव्हा त्यांना त्यात प्रतिष्ठेची आणि नावलौकिकाची ओढ दिसली. मक्केला जातो असे सांगून ते बगदादमधून निघाले. दमास्कस, जेरुसलेम असे फिरत राहिले. त्या वर्षांत 'इह्या उलूमिद्दीन' हा त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ तयार झाला, आणि त्याचे पहिलेच प्रकरण ज्ञानावर आहे. ११०६ मध्ये निशापूरला ते पुन्हा शिकवायला उभे राहिले.

गझालींसारखे सगळे सोडून निघून जाणे कोणत्याही विद्यार्थ्याला परवडणारे नाही आणि कोणी सुचवूही नये. शिक्षणकर्जाचे हप्ते वाट बघत नाहीत. शिवाय अर्थ म्हणजे काहीतरी उदात्त, पोटापाण्यापलीकडचे, असे मानण्याचीही एक खोड असते. भरल्या पोटी ती परवडते. बहिणीचे लग्न, बापाचे ऑपरेशन, भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या दोन खोल्यांत जाणे, हा भक्कम अर्थ आहे. घरातला पहिला पदवीधर होण्यासाठी शिकणाऱ्या मुलाला 'तुझे ध्येय काय' असे भाषणाच्या सुरात विचारायची गरज नसते. त्याला ते झोपेतही माहीत असते.

अडचण तेव्हा होते, जेव्हा तो अर्थ त्याचा स्वतःचा उरत नाही. 'तुझ्यासाठी आम्ही शेत विकले' हे वाक्य मुलाला उभे करू शकते आणि तेच वाक्य त्याला गाडूनही टाकू शकते. एक सेमिस्टर नापास झाले तर पोर फक्त परीक्षेत हरत नाही, सगळ्या घराचा गुन्हेगार ठरते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवले, आणि राज्यांत महाराष्ट्र सर्वांत वर होता. प्रत्येकामागचे कारण वेगळे असते, एका लेखात ते सांगून टाकणे उचित नव्हे. पण घरात मूल गप्प गप्प राहू लागले, तर टक्केवारी बाजूला ठेवून आधी त्याच्यापाशी बसावे. 'टेलिमानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्यावर मराठीतही बोलता येते.

मग हा अर्थ येतो कुठून? व्याख्यानांतून फारसा येत नाही. महाराष्ट्रात याचा एक चांगला धडा शंभर वर्षांपूर्वीच घालून दिला गेला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात जे वसतिगृह सुरू केले, त्यात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत, एकत्र राबत. 'कमवा आणि शिका' ही त्यांचीच देणगी. आजही अनेक महाविद्यालयांत या योजनेतली मुले ग्रंथालयात पुस्तके लावतात, बागेला पाणी घालतात, कार्यालयात नोंदी करतात आणि त्या पैशांवर महिन्याची खानावळ भागवतात. आपला हात कुणाच्या तरी कामी येतो, हे त्यांना रोज दिसते.

राष्ट्रीय सेवा योजनेचेही तसेच. १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात ती सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे निवासी शिबिर. पुष्कळांसाठी हे प्रमाणपत्रापुरते असते, हेही खरे आहे. फोटोपुरते हातात झाडू घेणारे कमी नाहीत. पण सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ज्यांनी ओढ्यावर वनराई बंधारा घातला आणि चार दिवसांनी मागे साठलेले पाणी पाहिले, त्या भूगोलाच्या विद्यार्थ्यांना उतार आणि पाणलोट पुन्हा पाठ करावा लागत नाही.

आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि समाजाशी जोडणारे उपक्रम श्रेयांकांसह आले आहेत. कल्पना उत्तम. मात्र पहिल्या सत्रापासूनच झेरॉक्सच्या दुकानांत तयार अहवाल मिळू लागले, तर त्यातही नवल नाही. तीस पानांचा बांधलेला अहवाल आणि त्यावर सही, इतकेच मागितले तर विद्यार्थी तितकेच देणार. त्यापेक्षा मुलगी ज्या वस्तीत राहते तिथलीच एखादी गोष्ट, पाण्याची वेळ, रेशनची रांग, अंगणवाडीतल्या वजनकाट्याच्या नोंदी, तिला वर्षभर धरून ठेवू द्यावी. शेवटी तिने ते लोकांसमोर, त्याच वस्तीत उभे राहून सांगावे. गुण द्यायला तिथल्या दोन बायका बसल्या तरी चालतील, त्या खोटे लगेच पकडतात.

आणि एक साधी गोष्ट कोणत्याही शिक्षकाला परवानगीविना करता येईल. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला वर्गात कोरे कागद वाटावेत, हे शिकायला का आलास ते चार ओळींत लिहून घ्यावे आणि पाकिटात ठेवून द्यावे. 'आई म्हणाली म्हणून' असे कोणी लिहिले तरी चालेल. शेवटच्या वर्षाच्या शेवटच्या तासाला तोच प्रश्न पुन्हा द्यावा, आणि लिहून झाल्यावर जुना कागद ज्याचा त्याच्या हाती ठेवावा. हे कागद नॅकच्या संकेतस्थळावर चढवायची काही गरज नाही.