काय करायलास?

जुलैत दादा-वहिनी न्यू जर्सीहून सुट्टीला गावी आले होते. गाव म्हणजे आमचं चारठाणा, जिंतूर तालुका, जुन्या देवळांचं गाव. मीही रजा टाकून पुण्याहून गेलो.

पुतण्या सात वर्षांचा. शाळेत इंग्रजी, घरी मराठी, शिवाय दर रविवारी मराठी शाळा. गोष्टीचं पुस्तक धडाधड वाचून दाखवतो. म्हटलं, वा!

तर झालं असं, पोरगं ओसरीवर मोबाईल घेऊन बसलेलं. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "काय करायलास रे बाबू?" ते गडबडलं आणि मला हळूच विचारतं, "काका, आजी मला काय करायला सांगतेय?"

सगळे हसले, मीपण हसलो. पण रात्री ते डोक्यातून जाईना.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या परभणीकडं 'करतोयस'ला 'करायलास' म्हणतात. दादा फोनवर आईला "जेवायलो, नंतर करतो फोन" म्हणतो आणि मुलाकडं वळला की "जेवतोय". मुलानं 'शुद्ध' शिकावं म्हणून! अर्थात त्याला बोलायला मला तोंड नाही. पुण्यात इंजिनिअरिंगला आल्यावर पहिल्याच सेमिस्टरला मी 'करायलो' सोडलं. होस्टेलवर पोरं नक्कल करायची, दुसरं काय.

परदेशातल्या मराठी शाळांना मी नावं ठेवत नाही. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे. त्यांच्या शाळांतली मुलं मराठीच्या परीक्षा देतात. रविवारची झोप मोडून शिकवणाऱ्या आई-बापांना सलाम. पण शाळा लिपी देते, पुस्तक देते. आजीचं बोलणं घरातूनच यावं लागतं.

मॉरिशसचं बघा. एकोणिसाव्या शतकात मराठी माणसं तिथं मजुरीला गेली. मराठी आजही तिथल्या शाळांत शिकवतात, पण घरात बहुतेक जण क्रिओल बोलतात. आणि तंजावर? व्यंकोजीराजांनी १६७५च्या सुमारास तिथं राज्य घेतलं. साडेतीनशे वर्षं होत आली, तरी तिथल्या काही घरांत अजून मराठी बोलतात. तमिळ मिसळलेली, आपल्याला ऐकायला वेगळी वाटेल अशी. पण ती घरात वापरतात, म्हणून टिकली.

माझं म्हणणं एवढंच, की परदेशात मुलाशी बोलताना आपापली मराठी बोला. वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडी, मालवणी असेल तर मालवणी. प्रमाण मराठी रविवारी आहेच. आणि व्हिडिओ कॉलवर मुलाला आजीजवळ सोडून पंधरा मिनिटं बाजूला व्हा. मध्ये दुभाषे बनू नका.

असो. सुरुवात स्वतःपासून करावी म्हणून परवा मॅनेजरला फोनवर म्हटलं, "सर, टेस्टिंग करायलो, दहा मिनिटं द्या."

पलीकडं क्षणभर शांतता. मग आवाज आला, "लवकर उरक, मीपण वाट बघायलो."

दोन वर्षं एकत्र काम करतोय, तो लातूरचा आहे हे मला त्या दिवशी कळलं!