आमदार वाढवा, मंत्री आवरा

दिवाळीच्या फराळाला बसल्यावर राजकारण काढू नये, हा शहाण्या माणसांचा संकेत मला ठाऊक आहे. पण चकलीचा तुकडा मोडता मोडता कोणी तरी म्हणतोच, "आहेत तेवढे आमदार थोडे झाले का, म्हणून आणखी वाढवायचे?" आणि सगळी मंडळी हसतात. जळगावास जा की धुळ्यास, कोणत्याही ओट्यावर हे वाक्य तयार असते. वाचकहो, मला या हसण्यात सामील होता येत नाही. महाराष्ट्राच्या विधानसभेतील जागा वाढल्याच पाहिजेत असे माझे मत आहे, आणि ही मागणी सर्वांआधी खानदेशाने करावयास हवी होती.

1960 साली महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा विधानसभेत 264 जागा होत्या. 1961 च्या शिरगणतीत राज्याची लोकसंख्या चार कोटींच्या थोडी आत होती. म्हणजे एका आमदारामागे सुमारे दीड लाख माणसे आली. 1967 साली जागा 270 झाल्या, 1978 साली 288 झाल्या आणि काटा तेथेच अडकला. 2011 च्या जनगणनेत आपण 11 कोटी 24 लाख भरलो. आता एका आमदारामागे जवळजवळ 3 लाख 90 हजार माणसे येतात. धुळे जिल्ह्यात तर ही संख्या चार लाखांवर जाते. साडेवीस लाखांचा जिल्हा आणि आमदार पाच! पंगत तिपटीच्या घरात गेली आणि वाढपी मात्र 24 च वाढले. मागे बसलेल्यांच्या पानात वरण पोहोचत नाही म्हणून ओरड झाली, तर त्यात नवल ते काय?

काटा अडकला तो आपोआप नव्हे. 1976 साली, आणीबाणीच्या दिवसांत, 42 वी घटनादुरुस्ती झाली आणि लोकसभेच्या व विधानसभांच्या जागा 1971 च्या लोकसंख्येवर गोठवण्यात आल्या. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले त्यांचे वजन घटू नये, हा त्यातला हेतू. तो वाईट नव्हता. पुढे 2001 साली 84 व्या दुरुस्तीने ही मुदत 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. एकूण जागा गोठल्या. राज्याच्या आतल्या सीमा मात्र गोठल्या नाहीत. 2001 च्या जनगणनेवरून 2008 साली मतदारसंघांची फेररचना झाली, आणि खानदेशाची गोष्ट येथून सुरू होते.

भांडे तेवढेच आणि खाणारे एका बाजूला वाढलेले, अशा वेळी दुसऱ्या बाजूचे पान ओढावे लागते. तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याच्या जागा 13 वरून 24 झाल्या. ठाण्याचा यात काही अपराध नाही. तेथे माणसे गेली, त्यांना मते मिळाली. त्यांतली कित्येक तर आमच्याच तालुक्यांतून पोटासाठी गेलेली आहेत. पण त्या अकरा जागा आभाळातून पडल्या नाहीत. जळगाव जिल्ह्याच्या 12 जागांच्या 11 झाल्या. पारोळा मतदारसंघ गेला आणि एरंडोलच्या पदरात पडला. यावल मतदारसंघ गेला. त्या तालुक्याचा काही भाग रावेरला जोडला, काही चोपड्याला. पलीकडे तळोद्याचा मतदारसंघ शहाद्यात विरला. अक्कलकुवा आणि अक्राणी हे सातपुड्याचे दोन अवघड तालुके एकाच आमदाराच्या वाट्याला आहेत. नकाशावर त्या दोन गावांत बोटभर अंतर दिसते. पावसाळ्यात त्या घाटांतून जाऊन पाहावे म्हणजे बोटाची लांबी कळते.

यावलचे मला विशेष वाईट वाटते. याच तालुक्यातल्या फैजपूरला डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले होते, खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन. जवाहरलाल अध्यक्ष होते. ज्या मातीत खेड्याला राजकारणात मानाचा पाट मिळाला, त्या तालुक्याचे नाव 72 वर्षांनी मतदारसंघांच्या यादीतून पुसले गेले, आणि आम्ही कोणी हूं की चूं केले नाही. केळीचा भाव दोन रुपयांनी उतरला तर रस्ता अडवणारी माणसे आम्ही!

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जागा वाढल्या म्हणजे खानदेशाचे वजन वाढेल, असे कोणी समजू नये. चारशेंच्या सभागृहातही मुंबई, ठाणे आणि पुण्याचे पारडे जडच राहणार. वजन हे प्रमाणावर असते आणि लोकसंख्येचे प्रमाण आपल्या बाजूचे नाही. दिल्लीच्या वाटणीत जी भीती तमिळनाडूला आणि केरळला वाटते, तीच मुंबईच्या वाटणीत आपल्याला वाटायला हवी. दक्षिणेच्या तक्रारीवर नाक मुरडणाऱ्या आमच्या मित्रांनी एकदा यावलकडे पाहावे. पण वजन निराळे आणि ओळख निराळी. आमदाराने बांधावर यावे, त्याला गावचा पाट कोणता आणि नाला कोणता हे कळावे, गाऱ्हाणे घेऊन गेलेल्या म्हातारीला त्याने नावाने ओळखावे, हे दीड लाखांत जमते. चार लाखांत नाही जमत. मग मधे दलाल उभा राहतो. आमदार भेटत नाही, त्याचा माणूस भेटतो, आणि त्या माणसाची भेट फुकट नसते. जागा वाढवून मला ही ओळख परत हवी आहे.

खर्चाचे काय, असा प्रश्न येईलच. खर्च वाढेल. पण खरा खर्च आमदारांचा नव्हे, तो मंत्र्यांचा, आणि आमच्या ओट्यावरच्या हसणाऱ्यांनी तिकडे कधी पाहिलेच नाही. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने मुख्यमंत्री धरून मंत्री विधानसभेच्या संख्येच्या 15 टक्क्यांपेक्षा अधिक नसावेत असे ठरवले. 288 ला हे 43 होतात. उद्या 400 जागा झाल्या की तेच 60! कोणाला विचारावे लागणार नाही, कायद्यात बोट घालावे लागणार नाही. विधान परिषदेचीही तीच तऱ्हा. तिची मर्यादा विधानसभेच्या एकतृतीयांश, म्हणजे तीही फुगवता येईल. म्हणून जागा वाढवणाऱ्या त्याच कायद्यात मंत्र्यांची संख्या 43 वर खिळवून टाका. आमदारांची पंगत वाढवा, मंत्र्यांची नको. हे खिळवणे नसेल तर या मागणीतून माझे नाव खुशाल काढून घ्यावे.

घटनेने विधानसभेला 500 पर्यंत मुभा दिलेली आहे, तेव्हा घटनेची अडचण सांगू नये. शिवाय 2023 च्या 106 व्या दुरुस्तीने स्त्रियांना एकतृतीयांश जागा द्यायचे ठरवले तेही फेररचनेशी बांधून. जळगावने 1962 साली सत्तावीस वर्षांच्या प्रतिभाताईंना विधानसभेत पाठवले. त्या पुढे राष्ट्रपती झाल्या. त्या जिल्ह्याने तरी या वाटणीत मागे उभे राहू नये.

फेररचना आयोग आधी मसुदा छापतो, हरकती मागवतो आणि उघड सुनावण्या घेतो. मसुदा निघाला की पारोळ्याने आणि यावलने तालुक्याचा नकाशा, गावांची यादी आणि अंतरांचे आकडे घेऊन तेथे पहिल्या रांगेत बसावे. वकिलाची गरज नाही. ग्रामपंचायतीचा ठराव हातात असला म्हणजे पुरे, आणि तो ठराव मसुदा निघण्याच्या आधी झालेला असावा.