तीनशे ग्रॅमचं लढाऊ विमान

"हे काय वय आहे का विमानं उडवायचं?" हा प्रश्न बहुतेक नातेवाइकांनी मला एकदा तरी विचारून झालाय. लग्नात पंगतीला बसल्यावर, फोनवर, दिवाळीत... आजवर मी तो हसण्यावारी नेला. पण यंदा प्रश्न माझ्या वयाचा राहिला नाही, भाच्याच्या वयाचा झालाय. साहेब दहावीत जाणार, आणि त्यांना उन्हाळ्यात मामाबरोबर मिग-२१ बनवायचंय. दाजींचं म्हणणं, उन्हाळ्यात फाउंडेशन बॅच. पुढे अकरावीला लातूर आहेच. ताई मधल्या मध्ये. तर मंडळी, या भांडणात माझी बाजू काय आहे ती एकदा नीट लिहून काढावी म्हणून हा प्रपंच. दाजी, तुम्हीही वाचा, रागावू नका.

आधी हे प्रकरण काय असतं ते सांगतो, कारण बहुतेकांच्या डोक्यात एकतर जत्रेतलं खेळणं असतं नाहीतर लग्नात शूटिंग करणारा ड्रोन. रेडिओ कंट्रोल विमानाचं किट म्हणजे एका खोक्यात आलेले कापलेले तुकडे. कधी बाल्सा लाकडाच्या पातळ फळ्या, हल्ली बहुतेकदा पाच-सहा मिलिमीटर जाडीचे फोमचे शीट, सोबत नकाशा, तारा आणि बारीकसारीक प्लास्टिक. मोटर, बॅटरी, रिमोट आपले आपण घ्यायचे. पहिल्यांदा सगळं मिळून आठ-दहा हजार जातात, त्यातला निम्मा रिमोटचा आणि तो पुढे वर्षानुवर्षं चालतो. विमान फुटलं की नवा फोम आणायचा, मोटर काढून त्यात बसवायची.

आणि विमान फुटतंच.

आता गणित. दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर घ्या. पंखांचा विस्तार सव्वाअकरा मीटर, पंखाचं क्षेत्रफळ साडेबावीस चौरस मीटर, भरलेलं वजन सुमारे ३ टन. ते पंधरापट लहान केलं तर पंख होतो ७५ सेंटिमीटरचा. क्षेत्रफळ पंधराच्या वर्गाने कमी होतं, म्हणजे २२५ पट, उरतं ०.१ चौरस मीटर. वजन मात्र घनाने कमी व्हायला हवं, ३३७५ पट, म्हणजे साधारण ८९० ग्रॅम. आपण ते ३०० ग्रॅममध्ये बसवायचं असतं. खऱ्या स्पिटफायरच्या पंखाच्या दर चौरस मीटरवर सुमारे १३३ किलो भार, आपल्यावर फक्त ३ किलो. कागदावर तरी ते त्यामुळे सायकलच्या वेगाने उडू शकतं. म्हणून शेताच्या एका तुकड्यात मावतं आणि नवशिक्याला विचार करायला वेळ मिळतो.

हे ३०० ग्रॅम कुठे जातात? फोम आणि गोंद ११०, मोटर ३०, तिचा स्पीड कंट्रोलर १५, तीन सर्वो २७, रिसीव्हर १०, बॅटरी ८०. उरले २८, त्यात पंखा, तारा, टेप आणि रंग. आमच्या भाच्याला हा हिशोब सांगितला तेव्हा पहिला प्रश्न आला, "मामा, कॉकपिटमध्ये पायलटचं बाहुलं बसवायचं का?" मी म्हटलं, वजन कर. त्याने केलं, २२ ग्रॅम भरलं. मग स्वतःच म्हणाला, नको. दाजी, मला सांगा, हे कोणत्या बॅचमध्ये शिकवतात?

असंच दुसरं एक, गुरुत्वमध्य. शाळेच्या पुस्तकात त्याची व्याख्या आहे, दोन मार्कांना येते. इथे विमान दोन बोटांवर तोलून बघायचं. साध्या सरळ पंखाला, पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या पाव भागावर किंवा थोडं मागे ते आडवं राहिलं पाहिजे. नाही राहिलं तर बॅटरी पुढे-मागे सरकवायची. या छंदात एक जुनी म्हण आहे की नाक जड झालं तर विमान वाईट उडतं आणि शेपूट जड झाली तर एकदाच उडतं. मिग-२१ चा पंख त्रिकोणी, त्याचं गणित आणखी वेगळं. भाच्याने ते स्वतः काढायचं असं ठरलंय. इन्स्टंट ग्लू फोम खातो हेही प्रत्येक जण एकदा स्वतः बघतो आणि मगच डबीवरचं वाचायला शिकतो. :)

"मग सरळ ड्रोनच घेऊन दे की," असं एका काकांनी सुचवलं. माझा विरोध खरं तर इथेच आहे. ड्रोन वाईट नाही. आपल्याच परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात रोबोट आणि ड्रोनच्या शेतीवर मोठा प्रकल्प झाला, फवारणीचे ड्रोन आपल्याकडे आता नवलाईचे राहिले नाहीत. ते कामाचं यंत्र आहे. पण विकतचा ड्रोन आपला आपणच हवेत उभा राहतो. रिमोट सोडून दिला तरी तो तिथेच थांबतो. आत बसलेला संगणक सेकंदाला कितीतरी वेळा चूक दुरुस्त करतो आणि पोराला वाटतं आपण उडवतोय. साध्या विमानाला थांबणं माहीत नाही. पुढे जात राहिलं तरच ते वर राहतं. वेग गेला की पंख हवा सोडतो आणि ते पडतं. ते आपल्याकडे तोंड करून येत असेल तर डावं-उजवं उलटं वाटतं. माफी नावाची गोष्ट नाही. पंधरा वर्षांच्या पोराने यंत्राच्या मदतीशिवाय एकदा तरी काहीतरी हवेत धरून ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

आता दुसरा आक्षेप, हा जास्त गंभीर. आमच्या मावशी म्हणाल्या, "विमानं करा, पण लढाईचीच का? बॉम्ब टाकायची विमानं पोराच्या हातात कशाला?" मावशींचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. सोपं उत्तर असं की या विमानांचे आकार देखणे असतात आणि किटंही त्यांचीच जास्त मिळतात. पण ते अर्धंच उत्तर झालं.

पूर्ण उत्तर असं की मॉडेल बनवताना त्या विमानाचा इतिहास वाचावा लागतो, आणि तो आपल्या अंगणापर्यंत येतो. परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस अ‍ॅक्शन सुरू झाली तेव्हा भारतीय वायुसेनेची टेम्पेस्ट विमानं सैन्याच्या मदतीला होती. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. तो दिवस आपण दर वर्षी झेंडावंदन करून साजरा करतो, पण आकाशात तेव्हा काय होतं हे किती जणांना माहीत आहे? दुसऱ्या बाजूला सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानांनी निजामाला चोरून शस्त्रं पोचवत होता. गंमत म्हणजे हाच कॉटन महायुद्धाच्या सुरुवातीला स्पिटफायरमधून तोफा काढून, फटी बुजवून, अंग घासून गुळगुळीत करून त्यात कॅमेरे बसवणारा माणूस. वजन कमी करा, वेग वाढेल, हेच त्याचं तत्त्व. आम्ही फोमवर पॉलिश पेपर घासतो तेव्हा तेच करतो. तोच माणूस, तीच हुशारी, आणि उपयोग एकदा असा तर एकदा तसा. पोराला हे कळणं वाईट आहे का?

आणि माणूसही कळतो. सुखोई-७ चं मॉडेल करायचं तर दिलीप परूळकरांची गोष्ट टाळता येत नाही. १० डिसेंबर १९७१ ला त्यांचं विमान पाकिस्तानात पाडलं गेलं, ते युद्धकैदी झाले. १९७२ च्या ऑगस्टमध्ये रावळपिंडीच्या कैदेतून दोन सहकाऱ्यांबरोबर भिंत फोडून निसटले, खैबर खिंडीपर्यंत, लंडी कोतलजवळ पोचले आणि तिथे पकडले गेले. पुढे सगळे परत आले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये परूळकर गेले. आमच्या मॉडेलच्या कॉकपिटमध्ये बॅटरी असते, खऱ्यात असा माणूस बसलेला असतो. मोबाइलच्या गेममध्ये दिवसाला दोनशे विमानं पाडणाऱ्या पोराला मी हे सांगू शकतो, कारण त्याने एक विमान वीस दिवस बसून जोडलेलं असतं. मावशी, मला तरी वाटतं की असा मुलगा युद्धाबद्दल कमी बडबडेल.

मिग-२१ चंच बघा ना. ते आपल्या नाशिकजवळ ओझरला बनत होतं. १९६३ मध्ये वायुसेनेत आलं, २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झालं. बासष्ट वर्षं! मधल्या काळात कितीतरी तरुण वैमानिक त्याच्या अपघातांत गेले. त्याचा छोटा त्रिकोणी पंख वेगासाठी केलेला, त्यामुळे उतरतानाही ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे यावं लागे. पंखावर भार जास्त, म्हणून वेग जास्त. वर स्पिटफायरचं जे गणित केलं तेच. भाच्याने हे स्वतः जोडून दाखवलं, तेव्हा मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही.

आता जरा वादाचा विषय. आपल्याकडे दर काही महिन्यांनी शिवकर बापूजी तळपदे यांचा मेसेज फिरतो, १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं म्हणून. त्या उड्डाणाचा भरवशाचा समकालीन पुरावा सापडत नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा हवाला देतात, त्यातली विमानं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासली आणि ती उडू शकणार नाहीत असा निष्कर्ष काढला. तळपद्यांच्या ध्यासाबद्दल मला आदरच आहे. पण अभिमानाने मेसेज पुढे ढकलण्यापेक्षा तीनशे ग्रॅमचं काहीतरी उडवून बघावं. हवा कुणाचा अभिमान बघत नाही. उलट कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर वर्षानुवर्षं खपून खरं विमान बनवणारे कॅप्टन अमोल यादव आपल्याच काळातले. २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते विमान मांडलं होतं. मुलांच्या भिंतीवर त्यांचा फोटो का नसतो?

राहिला सुरक्षिततेचा प्रश्न, तो रास्त आहे. २०२४ च्या पावसाळ्यात बीड-जालन्याकडे रात्री ड्रोन फिरतात म्हणून गावंच्या गावं जागत होती. तेव्हापासून आकाशात काही दिसलं की लोक बिचकतात. म्हणून आम्ही दिवसाढवळ्या, शेतमालकाला विचारून आणि शेजाऱ्यांना सांगून उडवतो. बघायला आलेल्याच्या हातात विमान देतो, भीती तिथेच संपते. २०२१ च्या ड्रोन नियमांत माणूस न बसणारं कुठलंही उडतं यंत्र येतं, आपलं फोमचं विमानसुद्धा. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. हौसेखातर उडवायला या दोन्हींना पायलटचं लायसन्स लागत नाही. पण नकाशावर हिरवा, पिवळा, लाल भाग बघायचा आणि नोंदणीचे नियम आधी वाचायचे. हेही शिक्षणच.

जागा आपल्याकडे भरपूर. रब्बीची ज्वारी, हरभरा निघाला की काळी रानं मोकळी. फक्त धसकटं फोमला भोकं पाडतात, म्हणून उतरायला पडीक माळ बरा. उभ्या पिकात कधीच नाही. विमान शोधायला दुसऱ्याची ज्वारी तुडवणं हे पाप. वेळ सकाळी आठच्या आत. पुढे वारा सुटतो, घारी अंगावर येतात, आणि मे महिन्यात ऊन तर तुम्हाला माहीतच आहे. १५ अंशांवरून तापमान ४२ वर गेलं की हवा आठ-नऊ टक्के विरळ होते. विमानाला ते कळतं, त्याला जास्त पळावं लागतं.

तर दाजी, माझं म्हणणं एवढंच. बॅच नको असं मी म्हणत नाही. बॅच दहाला सुरू होते, आमचं काम आठला संपतं. लातूरला गेल्यावर दोन वर्षं त्याला उत्तरं चार पर्यायांतून निवडायची आहेत. त्याआधी एक उन्हाळा त्याला असा प्रश्न मिळू द्या ज्याचे पर्याय कुणी छापलेले नाहीत. विमान पडेल, मी सांगून ठेवतो. पडल्यावर तो तुकडे गोळा करेल, घरी येऊन का पडलं याचा विचार करत बसेल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाचला उठेल. दहावीच्या पोराला पाचला उठवायचा दुसरा उपाय तुमच्याकडे असेल तर कळवा.

असो. फोम आणून ठेवलाय. ताईने हो म्हटलंय. आता तुमच्या 'हो'ची वाट बघतोय.