गर्भपिशवीचा प्रश्न उसाच्या फडात सोडवा

दसरा झाला की मांजरसुंब्याच्या चौकातून भरलेले ट्रक आणि ट्रॅक्टर जाऊ लागतात. धुळे-सोलापूर महामार्गाला केजकडून पाटोद्याकडे जाणारा रस्ता इथे छेदतो, त्यामुळे बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या ऊसतोड टोळ्यांना हा चौक चुकत नाही. ट्रॉलीत कोपीसाठीचे सामान, ज्वारी-बाजरीची पोती, भांडी, एखादी शेळी आणि त्या सगळ्यावर बसलेली बायामाणसे व लेकरे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर किंवा थेट कर्नाटकातील बेळगाव-बागलकोट. पाच-सहा महिन्यांनी, मार्च-एप्रिलच्या उन्हात, हीच वाहने उलटी येतात. जाताना धडधाकट असलेली बाई येताना पोटदुखी, पांढरे जाणे, कंबरदुखी, लघवीची जळजळ असे काहीतरी घेऊन येते. मग एखाद्या दवाखान्यात तिला पिशवी काढून टाकण्याचा सल्ला मिळतो आणि पुढच्या दसऱ्याआधी ती काढूनही होते.

या विषयावर गेल्या सहा-सात वर्षांत बरेच लिहिले आणि बोलले गेले आहे. २०१९ मध्ये प्रकरण देशभर गाजले तेव्हा तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले की, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ९९ खासगी रुग्णालयांतून ४,६०५ महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्या सर्वच ऊसतोड कामगार नव्हत्या. पुढे डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसाठी जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, १५ ते ४९ वयोगटातील महिलांत हे प्रमाण देशात ३.२ टक्के, तर महाराष्ट्रात २.६ टक्के होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी असल्यामुळे आकडे एकावर एक ठेवून तंतोतंत मोजता येत नाहीत. पण पाच-सहा पटींचा फरक पद्धतीच्या खात्यावर टाकून मोकळे होता येत नाही.

त्यानंतर काय झाले? बीडमध्ये खासगी रुग्णालयाला अशी शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले. हंगामाला जाण्यापूर्वी आणि परतल्यावर आरोग्य तपासणी सुरू झाली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश दिला. हे सारे गरजेचेच होते. तरीही जून २०२५ मध्ये समोर आलेल्या आकडेवारीत जिल्ह्यातील ८४३ ऊसतोड महिलांनी हंगामापूर्वी गर्भपिशवी काढल्याची नोंद होती, आणि त्यातल्या ४७७ जणी ३० ते ३५ वर्षांच्या होत्या. परवानगीची व्यवस्था असताना हे घडले. (शिवाय ही परवानगी बीड जिल्ह्यापुरती आहे, मांजरसुंब्याहून अहिल्यानगर, सोलापूर, धाराशिव काही फार लांब नाहीत.)

आतापर्यंतचा सगळा बंदोबस्त शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती झाला आहे. डॉक्टरांवर नजर ठेवली, ते योग्यच. पण बाई त्या टेबलापर्यंत येते ती एका कामाच्या जागेवरून, आणि त्या जागेकडे आरोग्य खात्याने कामाची जागा म्हणून अजून पाहिलेले नाही.

फडातला दिवस पहाटे अंधारात सुरू होतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. नवरा तोडतो, बाई पाला सोलते, कांड्या गोळा करते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. मोळीचे वजन तीस-चाळीस किलो सहज असते, आणि अशा खेपा दिवसभर चालतात. कधी ट्रक रात्री येतो, मग भरणीही रात्री. ओटीपोटातील अवयव जागेवर धरून ठेवणारे स्नायू बाळंतपणात सैलावतात. कमी वयातले लग्न, लागोपाठ बाळंतपणे आणि बाळंतपणानंतर महिना-दीड महिन्यात पुन्हा डोक्यावर मोळी, असे झाले की ते स्नायू पूर्ववत होण्याची संधीच मिळत नाही. अंग बाहेर येते. वैद्यकीय पुस्तकात हा स्त्रीरोगाचा विषय आहे. फडात तो ओझ्याचा आणि न मिळालेल्या विश्रांतीचा विषय आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. फडात संडास नाही. दिवसा आडोशाला जायचे तर आजूबाजूला टोळीतली, गाडीवरची पुरुषमाणसे. म्हणून बायका एक साधा उपाय करतात: पाणीच कमी पितात. लघवी तासन् तास रोखून धरतात. लघवी थांबून राहिली की जंतूंना वाढायला वेळ मिळतो, आणि पाणी कमी असले की ते धुऊनही जात नाहीत. मूत्रमार्गाचा संसर्ग वारंवार होण्याचे हे सरळ कारण आहे. पाळीच्या दिवसांत जुने कापड, ते बदलायला जागा नाही, धुवायला स्वच्छ पाणी नाही, वाळवायला ऊन नाही. त्यातून होणारा जननमार्गाचा संसर्ग योग्य औषधांनी बरा होऊ शकतो. पण तोच संसर्ग त्याच परिस्थितीत पुन्हा होणार असेल, तर औषधावरचा विश्वास उडतो. बाई म्हणते, दरवर्षीची ही कटकट एकदाची जाऊ दे. त्यात कोणी ‘पुढे कॅन्सर होईल’ म्हटले की निर्णय झालाच.

आणि तिसरी गोष्ट खाड्याची. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दुखण्यामुळे एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा लागतो. त्या दिवसाची मजुरी बुडतेच, वर दिवसाला ५०० रुपये आणि काही ठिकाणी त्याहून अधिक रक्कम कापली जाते. एक जण आजारी पडला तर जोडीच मोडते, म्हणून दंड दोघांना. महिन्याच्या पाळीचे दोन-तीन दिवस हे असे आर्थिक नुकसानाचे दिवस ठरतात. बाहेरच्या माणसाला अघोरी वाटणारी शस्त्रक्रिया या हिशेबात बसते. अनेकदा तिचा खर्चही उचलीतूनच होतो आणि तो फेडायला पुन्हा फडच गाठावा लागतो.

शस्त्रक्रियेनंतर किमान सहा आठवडे जड उचलू नये, असे डॉक्टर सांगतात. ते किती जणींना परवडते, हे वेगळे सांगायला नको. पिशवीबरोबर बीजांडेही काढली असतील तर तिशीतच रजोनिवृत्ती येते. हाडे लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, घाम, झोपमोड, चिडचिड सुरू होते. ज्या कंबरदुखीसाठी पिशवी काढली, ती कंबरदुखी बहुधा ओझ्याची असते आणि ती तशीच राहते. सर्वच शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या असे नाही. मोठ्या गाठी, न थांबणारा रक्तस्राव, कर्करोग यांत ती जीव वाचवते. पण पांढरे जाणे किंवा पोटदुखी यांवर ती पहिली पायरी नव्हे.

कामामुळे आजार होतो, ही काही नवी कल्पना नाही. बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला नेहमीच्या प्रश्नांबरोबर ‘तू काम काय करतोस’ हेही विचारावे, असे वैद्यांना सांगितले. सव्वातीनशे वर्षांनंतर या प्रश्नाचे महत्त्व कारखान्याच्या दारापर्यंत मान्य झाले आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ नुसार कारखान्यात पिण्याचे पाणी हवे होते, स्त्रियांसाठी वेगळी स्वच्छतागृहे हवी होती, तीसपेक्षा जास्त महिला कामगार असतील तर पाळणाघर हवे होते. किती वजन उचलायला लावावे यावर बंधन घालण्याची तरतूद कलम ३४ मध्ये केलेली होती. साखर कारखाना हा कारखानाच आहे, त्यामुळे गव्हाणीपाशी उभ्या असलेल्या कामगाराला हे सगळे लागू होते. त्याच कारखान्याच्या तोडणी कार्यक्रमाप्रमाणे, त्याच कारखान्याच्या शेतकी विभागाने सांगितलेल्या फडात, त्याच कारखान्यासाठी ऊस तोडणारी बाई मात्र कारखान्याची कामगार नाही. ती मुकादमाची. मुकादम वाहतूक ठेकेदाराचा. आणि तिच्या आरोग्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न या साखळीत कुठेतरी गळून पडतो.

उसाच्या फडाने माणसे आजारी पडतात आणि फड सुधारला तर आजार कमी होतो, याचा दाखला जगात आहे. मध्य अमेरिकेत, एल साल्वाडोर आणि निकाराग्वात, ऊस तोडणाऱ्या तरुण पुरुषांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. त्यांना मधुमेह नव्हता, रक्तदाब नव्हता. हा आजार २००२ पासून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदला जाऊ लागला. कीटकनाशकांपासून अनेक कारणे तपासली गेली. हळूहळू पुरावा उष्णता, अतिश्रम आणि शरीरातील पाणी कमी होणे यांकडे झुकला. मग तिथे पाणी, विसावा आणि सावली या तीन गोष्टींवर भर देणारे उपक्रम सुरू झाले. फडापाशी तंबूची सावली, ठरलेल्या वेळांना सक्तीची सुटी, हाताशी स्वच्छ पाणी. निकाराग्वातील एका मोठ्या कारखान्यात विसाव्याच्या वेळा वाढवल्या तसे मूत्रपिंडाला इजा होण्याचे प्रमाण उतरले. एल साल्वाडोरमधील प्रयोगात विसावा दिल्याने तोडणी घटली नाही. कारखानदारांना पटले ते बहुधा या दुसऱ्या निष्कर्षामुळे.

आपल्याकडील हंगाम थंडीत सुरू होतो हा फरक आहे. पण फेब्रुवारीपासून पुढे दुपारचा फड काय असतो ते तिथे उभे राहिलेल्याला माहीत आहे. दाट उभ्या उसात वारा फिरत नाही आणि पाला अंग कापतो म्हणून बाईने पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला फडके असे कपडे घातलेले असतात. घाम वाळत नाही. त्यात पाणी मुद्दाम कमी प्यायलेले. परतलेल्या कामगारांच्या तपासणीत हिमोग्लोबिनबरोबर रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी केली, तर हंगामाने मूत्रपिंडांवर काय परिणाम केला ते कळू शकेल. चाचणी स्वस्त आहे, तालुक्याच्या रुग्णालयात होते.

तपासणीतील उणीव मात्र त्याहून मोठी आहे. बीडमध्ये होणाऱ्या तपासणीत बाईचे शरीर मोजले जाते, तिचा फड नाही. ती कोणत्या कारखान्याला गेली होती, तळावर पाण्याचा टँकर येत होता का, संडास होता का, किती दिवसांचा खाडा कापला गेला, बाळंतपणानंतर कितव्या दिवशी मोळी उचलली, हे चार-पाच प्रश्न त्याच कागदावर विचारले आणि कारखानानिहाय मांडले, तर कोणत्या कारखान्याच्या फडातून बायका जास्त आजारी होऊन परततात हे एका हंगामात दिसेल. कॉलऱ्याची साथ आली की आरोग्य खाते रुग्णांच्या यादीवरून विहीर शोधते. इथेही तेच करायचे आहे. आजार बीडमध्ये नोंदला जातो आणि तो होतो तीनशे किलोमीटरवर, दुसऱ्या जिल्ह्यात किंवा दुसऱ्या राज्यात, म्हणून ही जोडणी आपोआप होत नाही. ती मुद्दाम करावी लागेल.

पैशाची सबब पुरेशी नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याचे आणि तेवढाच वाटा सरकारने घालण्याचे ठरलेले आहे. राज्यात हंगामाला दहा कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो. म्हणजे एकट्या कारखान्यांचेच शंभर कोटींच्या घरात होतात. एवढ्यात तळावर फिरती स्वच्छतागृहे, पाण्याच्या टाक्या आणि आठवड्याला एक नर्स येणे अशक्य नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तिचे स्वागतच आहे. पण त्या वाटाघाटींच्या टेबलावर खाडा, बाळंतपणाची रजा आणि मोळीचे वजन हे विषय दराइतक्या जोराने मांडले जात नाहीत. पुढच्या करारात खाड्याचा दंड रद्द करणे आणि मोळीला वजनाची मर्यादा घालणे ही दोन कलमे तरी यावीत. मर्यादा घातली तर खेपा वाढतील, असा आक्षेप येईल. तो खरा आहे, म्हणूनच ती टनाच्या दराच्याच करारात यायला हवी, वेगळ्या परिपत्रकात नव्हे.

ट्रक मांजरसुंब्याच्या चौकातून निघण्याआधी महिनाभर तपासणी शिबिरे लागतात. जिल्हा आरोग्य विभागाला अर्जात पाच ओळी वाढवायला तेवढा वेळ पुरतो. साखर आयुक्तालयाला गाळप परवाना देताना तळावरील पाणी आणि स्वच्छतागृहांची अट घालायलाही.