बांधाची हरकत आणि औषधाची हरकत

आपल्या सोलापूर जिल्ह्यात हातभर बांधावरून भावाभावांत दावा लागला म्हणजे तो नातवांपर्यंत चालतो. बैलजोडी जाते, बायकोच्या अंगावरचे डागिने जातात, वकिलाचे घर दुमजली होते, आणि बांध होता तिथेच राहतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण अशाच पोळलेल्यांनी केली असावी. पण तिचा फायदा कोणास होतो, हेही पाहिले पाहिजे. गरीब दाराशीच थबकला, की आतला निवाडा एकतर्फीच व्हायचा.

क्षयाचेच घ्या. मागाच्या खोलीत आणि विड्या वळणाऱ्यांच्या घरात हा रोग काय असतो, हे सोलापुरात कोणास सांगावयास नको. साध्या औषधास दाद न देणाऱ्या क्षयावर पूर्वी महिनोन्‌महिने सुया टोचीत. जीव वाचला तरी कित्येकांचे कान जात. पुढे बेडाक्विलीन नावाची गोळी निघाली. तिचा मक्ता, म्हणजे पेटंट, जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीकडे होता व तो जुलै २०२३ मध्ये संपावयाचा होता. कंपनीने त्याच औषधाचा एक क्षार पुढे करून आणखी एका पेटंटाचा अर्ज मुंबईच्या कचेरीत घातला. तो मंजूर होता तर मक्ता २०२७ पर्यंत चालता. म्हाताऱ्या बैलाची शिंगे रंगवून तो तरणा म्हणून बाजारात उभा करणारे दलाल आपण पाहिले आहेत. आमच्या मते हा त्यातलाच प्रकार.

२०१९ साली या अर्जावर मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी हरकत घेतली. दोघीही क्षयातून उठलेल्या, आणि दोघींचेही कान औषधांनी गेलेले. तलाठ्याच्या फेरफारावर हरकत घेतात, तशी पेटंट मिळण्यापूर्वी कोणाही माणसास घेता येते, असे आपला कायदाच सांगतो. मार्च २०२३ मध्ये कचेरीने कंपनीचा अर्ज फेटाळला. जुलैत मक्ता सुटला, आणि जागतिक खरेदीत या गोळ्यांचा दर निम्म्याहून खाली आला.

अर्थात निकाल लागला म्हणून गोळी आपोआप दवाखान्याच्या खिडकीत येत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत क्षयाच्या साध्या गोळ्यांचाच तुटवडा पडला. त्यांवर तर कोणाचा मक्ताही नव्हता! तेथे जाब विचारावयाचा तो सरकारलाच.

आणि त्याच मार्चमध्ये सरकारने पेटंटाचे नियम बदलले. पूर्वी अशा हरकतीस फी नव्हती, आता आहे. शिवाय हरकत ऐकण्याजोगी आहे की नाही, हे अधिकारी आधी ठरविणार. कंपनीला असली फी म्हणजे चहापाण्याचा खर्च. विड्या वळणाऱ्या बाईची ती कित्येक दिवसांची मजुरी. सोलापूरचे आणि माढ्याचे खासदार मते मागावयास येतील, तेव्हा रस्त्यापाण्याबरोबर ही फी कोणाच्या सोयीसाठी लावली, एवढे त्यांना विचारा.